तुटायला बसवलेली लाकडं

माझी लाकडं तुटतात. तुटावीत म्हणूनच मी ती बसवते. एवढी साधी गोष्ट या बंदरातल्या शहाण्यांना मी किती वर्षं सांगते आहे, पण पालथ्या घड्यावर पाणी.

जेट्टीच्या दुरुस्तीची मुकादम आहे मी. जेट्टीला खाली सिमेंटचे खांब असतात आणि लाँच येऊन टेकते त्या बाजूला खांबांपुढे जाड आडवी लाकडं असतात. लाँचला आपटायचंच असेल तर तिनं लाकडावर आपटावं, खांबावर नको, एवढ्यासाठी. लाकडाच्या पाठीला लोखंडी पट्टी, खांबाला लोखंडी कडं, आणि दोघांना धरून ठेवायला बोल्ट. त्या बोल्टला मी स्वतःच्या हातानं करवतीनं खाच पाडते. वादळात पाणी चढतं, बांधलेली लाँच पाण्याबरोबर वर येते, तिची कड लाकडाखाली अडकते आणि ती लाकूड वर उचलायला लागते. त्या वेळी लाकूड सुटलंच पाहिजे. बोल्ट खाचेवर तुटतो, लाकूड वाहत किनाऱ्याला लागतं आणि खांब जागच्या जागी राहतो. वादळ सरलं की लाकडं ओढून आणायची, नवे बोल्ट घालायचे, लाँच सुरू. लाकूड सुटलं नाही तर खांब जातो. आणि समुद्रात नवा खांब उभा करणं म्हणजे काही पोरखेळ नाही.

पण लोकांना काय दिसतं? दर वादळानंतर लाकडं गायब झालेली दिसतात. मग चहाच्या टपरीवर बसलेल्यांना चेव येतो. समोरच्या बेटावर लाँच नेतो त्याला आम्ही भोंगा म्हणतो, कारण त्याचा आवाजच तसा आहे. तो लांबूनच ओरडतो, "गेली हो, बाईची लाकडं पुन्हा गेली! बाई, या खेपेला गोंदानं चिकटवा!" सगळे खो खो हसतात. आधी मीही हसायचे. मग समजावून सांगायला लागले. मग तेही सोडलं. ज्याला ऐकायचंच नाही त्याच्यापुढे घसा कोरडा कशाला करायचा?

यंदाच्या पहिल्या वादळानंतर मात्र कोणी हसलं नाही. पाऊस थांबल्यावर मी जेट्टीवर पोचले तेव्हा सगळे टोकाला घोळका करून उभे होते. शेवटचा खांब जागेवर नव्हता. तो मोडून, लाकडासकट, खालच्या चिखलात आडवा पडला होता, आणि वरचा ओटा वाकून पाण्यात गेला होता. भोंग्याच्या लाँचची कड फुटली होती. तिला सावरायला गेलेल्या भोंग्याचा हात गळ्यात होता. जीव गेला नाही कोणाचा, एवढंच नशीब. आता लाँच लागायला जेट्टीच्या मध्यावर एकच जागा उरली होती. बेटावर दवाखाना नाही, औषधाचं दुकान नाही. तिथलं माणूस आजारी पडलं की याच जेट्टीवर उतरतं. ही उरलेली जागा गेली तर ते लोक पाण्यापलीकडे नुसते हात हलवत बसणार.

बंदराचे साहेब पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे होते. म्हणाले, "मुकादमबाई, लाकूड सुटायला हवं होतं ना? मग खांब कसा गेला? वरच्यांना कोणाचं तरी नाव कळवावं लागेल मला."

माझ्याही डोक्यात तेच फिरत होतं. लाकूड सुटलं नाही म्हणजे बोल्ट तुटला नाही. बोल्ट तुटला नाही म्हणजे त्याला खाच नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोल्ट आवळायचं काम आमच्या फिटरचं. त्याच्या हातात झोपेतसुद्धा पान्हा असतो, म्हणून त्याचं नावच पान्हा पडलेलं. मी सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडले, "डब्यातला मिळेल तो बोल्ट घातलास ना? खाच बघायचे कष्ट घेतले नाहीस!"

"ताई, तुम्ही दिला तोच घातला मी."

"मग खांब काय आपण होऊन झोपला?"

"मला काय माहीत? पण मी तुम्ही दिला तोच घातला."

"साहेब, हा बघा तो माणूस," मी म्हणाले. "कोणाचं नाव हवं होतं ना तुम्हाला? हे घ्या."

पान्ह्यानं हातातला पान्हा खाली ओट्यावर ठेवला, हळूच, आवाज न करता, आणि चालायला लागला. त्याला मी रिकाम्या हातानं चालताना पहिल्यांदा बघत होते. तरी माझा राग हटला नाही. मला वाटलं, गेला तर गेला.

ओहोटी लागल्यावर आम्ही साखळदंड टाकून ते लाकूड चिखलातून वर ओढलं. लाकडाला साधा ओरखडा नव्हता. त्याच्या पाठीची पट्टी शाबूत, पट्टीला खांबाचं कडं शाबूत, आणि कड्याला खांबाच्या सिमेंटचा हा एवढा मोठा तुकडा, दातासकट हिरडी निघावी तसा. मी बोल्ट बघायला वाकले. बोल्टला खाच होती. माझीच खाच. बोल्ट त्या खाचेवर तुटलाही होता, अगदी ठरल्याप्रमाणे.

मग पट्टी कड्याला धरून कशी राहिली?

मी चिखल पुसला. पट्टीवरचा काळा रंग एका बाजूनं उडाला होता आणि त्याच्याखाली वेल्डिंगचा जोड चमकत होता. घट्ट घातलेल्या वेणीसारखा एकसारखा जोड, आणि त्याचे पेड उलट्या बाजूला पडलेले. उजव्या हाताचा माणूस डावीकडून उजवीकडे जातो. हा जोड उजवीकडून डावीकडे आला होता, आणि शेवटी थोडा मागे वळून एक ठिपका देऊन थांबला होता. आमच्या घराच्या फाटकावर तसाच ठिपका आहे. माझ्या लहानपणच्या सायकलच्या दांडीवरही आहे. बंदरात डावखुरा वेल्डर आजवर एकच झाला, आणि तो माझा बाप आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मी उठून सरळ टपरीवर गेले आणि भोंग्यासमोर उभी राहिले. "हे कधी केलं त्यांनी?"

भोंग्यानं चहाच्या कपात बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज खाली आला. "तुम्ही नदीवरच्या धक्क्याला गेला होता ना कामाला, त्या आठवड्यात. मिस्त्री म्हणाले, पोरीला सांगू नका. तिची रोज थट्टा होते, ती एकदाची बंद करतो. आम्ही म्हटलं, चांगलंच आहे की! जनरेटर माझ्याच लाँचवरचा दिला."

"किती ठिकाणी जोड मारले?"

"सगळीकडेच मारले. मिस्त्रींचं काम, अर्धवट थोडंच राहणार? वरून रंगसुद्धा मारला, ओळखू येऊ नये म्हणून." मग त्यानं घाईघाईनं पुढे म्हटलं, "पण बाई, प्रेमानं केलं हो त्यांनी."

म्हणजे टपरीला माहीत होतं, लाँचवाल्यांना माहीत होतं, वॉचमनला माहीत होतं. सगळ्या बंदराला माहीत, एक मी आणि माझ्याबरोबर नदीवर असलेला पान्हा सोडून. आणि त्या पान्ह्याला मी चारचौघांत चोर ठरवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. माझे कान गरम झाले. लाज वाटली की मला आणखी राग येतो, ही माझी जुनी खोड.

तेवढ्यात साहेब ऑफिसातून बाहेर आले आणि म्हणाले की समुद्रात दुसरं वादळ तयार होतंय, परवापर्यंत पोचेल. मी जेट्टीकडे बघितलं. उरलेल्या एकेका खांबाला माझ्या बापानं लाकडाशी बांधून ठेवलं होतं.

तो जोड मी सिमेंटच्या तुकड्यासकट कापून घेतला, पोत्यात घातला आणि घरी नेला. आई ओट्याशी लसूण सोलत होती. बाबा टेबलापाशी बसून खुर्चीच्या मोडक्या पायाला पट्टी ठोकत होते. त्यांना घरात डुगडुगणारी वस्तू खपत नाही. मी पोतं टेबलावर उलटं केलं. कपबशा नाचल्या.

बाबांनी चष्मा लावला. जोडावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. आणि त्यांचा चेहरा उजळला. अक्षरशः उजळला.

"बघ," ते म्हणाले. "सुटला नाही."

"अहो, तुम्ही गप्प बसा," आई म्हणाली.

"नाही, बघ ना तू. एवढं वादळ झालं, पण जोड सुटला नाही."

मला काय झालं ते मला सांगता येणार नाही. मी एवढी ओरडले की शेजारच्या घरातला रेडिओ कोणीतरी बारीक केला. "जोड सुटला नाही, बाबा! खांब सुटला! जोड सुटायला हवा होता म्हणून तर मी त्या बोल्टांना कापत बसते! मूर्ख आहे का मी?"

"खांब कच्चा असेल."

"खांब पक्का होता. तुम्ही त्याला मरायला बांधून ठेवलंत."

बाबांचा अंगठा अजून जोडावरच होता. "टपरीवर हसायचे ते तुला. माझ्यासमोर हसायचे. मिस्त्रींच्या मुलीचं काम एका वाऱ्यात उडतं म्हणायचे. मी काय करायला हवं होतं? ऐकून घ्यायला हवं होतं?"

"हो! मी ऐकून घेतच होते ना? तुम्हाला कसली घाई झाली? आणि मला विचारलंत का? एकदा तरी विचारलंत का, की बाई गं, तुझी लाकडं का तुटतात?"

"बापानं मुलीला काय विचारायचं?"

तो हे सहज म्हणाला. भांडायला म्हणून नाही, पाणी खाली वाहतं असं म्हणावं तसं. हो, तो. माझा बाप. एरवी त्यांना अहोजाहो करते मी, पण त्या वेळी माझ्या मनात त्यांच्यासाठी एकही आदराचा शब्द उरला नव्हता.

"विचारू नका," मी म्हणाले. "कधीच विचारलं नाहीत. मी फाटका ओठ घेऊन या दारात आले होते तेव्हाही नाही विचारलंत. दोनदा आले मी. दोन्ही वेळा तुम्ही मला बसमध्ये बसवून परत पाठवलंत. संसार आहे, तुटता कामा नये म्हणालात. तुमच्या हातून काही तुटता कामा नये, एवढंच कळतं तुम्हाला. मोडेन पण वाकणार नाही म्हणता ना सारखं? तुम्ही मोडता कुठे? मोडतात ती दुसरी माणसं. तिसऱ्यांदा आले तेव्हा तुम्ही कामाला परगावी होतात म्हणून मी वाचले."

आईच्या हातातली लसणीची पाकळी तशीच राहिली. ती म्हणाली, "आणि तिचा नवरा न्यायला आला तेव्हा मी दाराला आतून कडी लावून घेतली होती. हे तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं. आता ऐका."

बाबांनी चष्मा काढला, डबीत ठेवला, डबी खिशात घातली. मग ते मागच्या अंगणात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. खुर्ची तीन पायांवर भिंतीला टेकून राहिली.

मनातला राग बाहेर काढला की हलकं वाटतं असं म्हणतात. साफ खोटं आहे. मी रात्रभर कुशी बदलत होते. आणखी काय काय बोलायचं राहून गेलं ते आठवत होते.

सकाळी उजाडताच मी पान्ह्याच्या दारात गेले. त्याच्या बायकोनं दार उघडलं आणि मला बघून तोंड फिरवलं. योग्यच केलं तिनं. पान्हा आत जमिनीवर बसून चहा पीत होता. त्याच्या रिकाम्या हाताकडे बघून मला भडभडून आलं, आणि भडभडून आलं म्हणून पुन्हा राग आला.

"बोल्ट बरोबर होता," मी दारातूनच म्हणाले. "तुझी चूक नव्हती. माझ्या बापानं वरून वेल्डिंग केलं होतं. मी सगळ्यांसमोर तुला नको ते बोलले, आता सगळ्यांसमोरच ते मागे घेईन. हा घे तुझा पान्हा आणि चल, वादळ येतंय."

"ही माफी आहे की दम?"

"दोन्ही."

त्यानं बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "जा. पण ताई, पुढच्या वेळी ओरडायच्या आधी वाकून बघत जा."

"बघीन," मी म्हणाले.

जेट्टीवर पोचलो तर आणखी एक तमाशा. आम्ही गॅस कटर उतरवत होतो तोवर भोंगा आणि चार-पाच लाँचवाले आडवे आले. काम मजबूत झालंय ते कापू देणार नाही म्हणाले. भोंग्याचा हात गळ्यात होता, पण आवाज परत आला होता. "शेवटचा खांब जुना होता म्हणून गेला! बाकीच्यांना मिस्त्रींनी पोलादासारखं केलंय आणि ते तुम्ही वादळाच्या तोंडावर कापणार? साहेब, बाईचं डोकं फिरलंय!"

साहेब कधी माझ्याकडे बघत होते, कधी त्याच्याकडे. आकाश खालच्या बाजूनं राखाडी व्हायला लागलं होतं. मी समजावून सांगायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मी तेच वाक्य पुन्हा बोलणार आहे, तेच, वर्षानुवर्षं बोलते ते. मला त्या सगळ्यांना उचलून पाण्यात टाकावंसं वाटलं. त्यात कटरची दुसरी अडचण होतीच. जोड पट्टीच्या मागच्या बाजूला होते, रंगाखाली. नेमके कुठे ते कळत नव्हतं. चुकीच्या जागी ज्योत धरली की कडं जाणार, मग नवा बोल्ट कशात घालायचा? एकेक जागा खरवडून शोधत बसलो असतो तर वादळ येऊन गेलं असतं.

"भोंग्या, बाजूला हो."

बाबा होते. पायात जुने बूट, काखेत वेल्डिंगचा जुना मुखवटा. ते चालत आले होते, धाप लागली होती. भोंग्याला हायसं वाटलं. "या मिस्त्री, बरं झालं आलात. तुम्हीच सांगा हिला."

"तिला नाही, तुम्हाला सांगतो," बाबा म्हणाले. "खांब माझ्या जोडानं गेला. या पान्ह्याचा बोल्ट बरोबर होता. मुलीचं लाकूड बरोबर होतं. मी मध्ये हात घातला, न विचारता. हात दाखवून अवलक्षण केलं. साहेब, तुमच्या वरच्या लोकांना माझं नाव सांगा. आणि भोंग्या, जनरेटर मागच्या वेळी दिलास ना? तसा आता दिवा पण आण, खाली अंधार असतो."

पान्ह्यानं खिशातून पान्हा काढला आणि उगाच पुसला. मीही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की पान्ह्यावर मी खोटा आळ घेतला होता. भोंगा दिवा आणायला गेला.

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही त्यांच्याकडे बघितलं नाही. आम्ही एका सपाट होडीत बसून जेट्टीच्या खाली शिरलो. मी नळी धरली, दिवा धरला. ते प्रत्येक खांबापाशी थांबायचे, डाव्या हातानं पट्टीच्या मागे चाचपायचे, म्हणायचे, "इथे. आणि इथे खाली." एकही जागा विसरले नव्हते. मग मुखवटा खाली ओढायचे आणि आपलाच जोड कापायचे. ठिणग्या पाण्यात पडून चुर्र व्हायच्या. जोड सुटला की पट्टी ठक्क करून सैल व्हायची, आणि दर वेळी बाबांचे खांदे थोडे उडायचे. आयुष्यात त्यांनी स्वतःचं काम कापलं नव्हतं. मला दिसत होतं ते. तरी मला त्यांची दया आली नाही. आली असं मी म्हणणार नाही.

मागून दुसऱ्या होडीतून पान्हा येत होता आणि एकेका ठिकाणी खाचेचा नवा बोल्ट घालत होता. पाणी चढायला लागलं. होडी खांबांवर आदळायला लागली. आमची डोकी वरच्या ओट्याला टेकायची वेळ आली.

बाबांनी मुखवटा वर केला. पान्ह्याच्या हातातला एक बोल्ट घेतला, दिव्यापुढे धरला आणि खाचेत नख घातलं.

"किती खोल पाडतेस?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे बघितलं. आवाजावरून कळत होतं की चूक काढायला विचारलेलं नाही. माहीत नव्हतं म्हणून विचारलं होतं.

"जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी," मी म्हणाले. फटकारूनच म्हणाले.

"जास्त पाडली तर?"

"तर रोजच्या लाँचनंच तुटेल. कमी पाडली तर तुटणार नाही. सगळं शिकावं लागतं, बाबा. मला काय कोणी आयतं दिलं नाही."

"बरं," ते म्हणाले आणि बोल्ट पान्ह्याला परत दिला.

शेवटची पट्टी कापली तेव्हा लाट होडीत येत होती. वर चढताना बाबांचा पाय शिडीवरून घसरला आणि मी त्यांना काखेत धरून ओढलं. हाडं लागली हाताला. ते इतके हलके कधी झाले ते मला माहीत नव्हतं.

वादळ आलं. ते आधीच्यापेक्षा वाईट होतं. आम्ही तिघं घरात बसलो होतो, आई पत्र्याखाली बादल्या सरकवत होती. दर वेळी बंदराकडून काही मोडल्याचा आवाज आला की बाबा मान वर करायचे आणि माझ्या तोंडाकडे बघायचे. मी मुद्दाम दुसरीकडे बघत होते. मला सांगता येत नव्हतं की तो आवाज लाकडाचा आहे की खांबाचा.

उजाडल्यावर, वारा पडल्यावर, आम्ही गेलो. जेट्टी उभी होती. एकूण एक खांब उभा होता. आणि लाकडं गेली होती, सगळीच्या सगळी, जशी जायला हवी तशी. टपरीच्या पडक्या छपराखाली भोंगा उभा होता. त्यानं सवयीनं तोंड उघडलं, "गेली हो, बाईची…" एवढं म्हणाला, आणि मग तोंड मिटून लाँचकडे पळाला. बेटाच्या किनाऱ्यावर कोणीतरी चादर हलवत होतं. थोड्या वेळानं त्यानं तिथून एका बाळंतिणीला आणलं आणि जेट्टीच्या मधल्या जागेवर उतरवलं. चार माणसांनी तिला खुर्चीत बसवून दवाखान्यात नेलं. ती आम्हा सगळ्यांना शिव्या देत होती, उशीर केला म्हणून. मला ती बाई फार आवडली.

मी लाकडं गोळा करायला वाळूवर उतरले. बाबा माझ्या आधीच पोचले होते. एका लाकडाच्या पट्टीत तुटक्या बोल्टचं अर्धं टोक अडकलं होतं, ते त्यांनी काढलं आणि उन्हाकडे धरलं. बरोबर खाचेवर तुटलं होतं.

"खाच सरळ आहे," ते म्हणाले. त्यांनी माझ्या कुठल्याही कामाला आजवर एवढी मोठी शाबासकी दिली नव्हती. ते टोक त्यांनी खिशात टाकलं. मग लाकडावर हात ठेवून समुद्राकडे बघत राहिले.

"त्या वेळी," ते म्हणाले, "दोन्ही वेळा. मी जोड तपासला नाही. नुसता वरचा रंग बघितला आणि तुला परत पाठवलं. विचारायला हवं होतं. तू दारात उभी होतीस, आणि मी तुला विचारलं नाही."

या एका वाक्याची मी इतकी वर्षं वाट बघत होते. ते आलं की त्याच्या तोंडावर काय काय फेकायचं, ते सगळं मी तयार ठेवलं होतं. आता त्यातलं काहीच सापडेना. राग होता, अजूनही आहे, तो काही एका वाक्यानं जाणारा नाही. पण भरती यायच्या आत सगळी लाकडं वर न्यायची होती, आणि समोर माझा बाप उभा होता, ओल्या बुटांत, काय बोलू म्हणून थांबलेला.

"ते दुसरं टोक धरा, बाबा," मी म्हणाले. "जड आहे. एकटीला उचलवत नाही."